दुकानातली ती स्टुलं: अमेरिकेतल्या सिट-इन सत्याग्रहाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९६० साली अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कॉलेजातली काळी मुलंमुली, दुकानातल्या ज्या खाण्याच्या काउंटरवर फक्त गोऱ्यांना वाढत, तिथे जाऊन बसली आणि उठायला तयार होईनात. या विषयावर मी बोललो किंवा लिहिलं की ठरावीक प्रश्न येतातच. ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे. नागपूरकरांनी थेट प्रश्न ५ वर उडी मारली तरी चालेल. बहुतेक जण तेच करतात.

१. सिट-इन म्हणजे नेमकं काय? आपलं ठिय्या आंदोलनच ना?

बरंचसं तेच, पण एक मोठा फरक आहे. ठिय्या आपण कचेरीच्या दारात देतो, रस्त्यात देतो. वाट अडवणं हाच त्याचा जोर असतो. सिट-इनमध्ये वाट अडवायची नाही असा सक्त नियम होता. गिऱ्हाईक म्हणून आत जायचं, थोडी खरेदी करायची, रिकाम्या स्टुलावर बसायचं आणि कॉफी मागायची. मिळाली तर प्यायची, पैसे द्यायचे. नाही मिळाली तर बसून राहायचं. बहुतेक जण पुस्तकं बरोबर नेत आणि अभ्यास करत बसत.

जागा बहुधा वूलवर्थ, क्रेस अशा स्वस्त वस्तूंच्या साखळी दुकानांतली असे. टूथपेस्टपासून खेळण्यांपर्यंत सगळं मिळणारं दुकान, आणि त्यातच एका बाजूला लांबलचक काउंटर, समोर जमिनीत पक्की बसवलेली फिरती स्टुलं. याला लंच काउंटर म्हणत.

२. हा भेदभाव कायद्यात लिहिलेला होता की नुसता रिवाज?

दोन्ही. शाळा, रेल्वे, बस यांसाठी दक्षिणेतल्या राज्यांनी कायदेच केले होते. १८९६ साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केलं आणि या कायद्यांना आधार मिळाला. १९५४ च्या ब्राउन खटल्यात शाळांपुरतं ते तत्त्व गेलं. लंच काउंटरचं मात्र त्रांगडं होतं. काही शहरांत तसा नगरपालिकेचा नियम होता. ग्रीन्सबरोसारख्या ठिकाणी निव्वळ स्थानिक रिवाज. मोडायला लेखी कायदाच नसेल तर न्यायालयात आव्हान कशाला देणार? वकिलांच्या हाताबाहेरचा हा कोपरा विद्यार्थ्यांनी हाती घेतला, तो याचमुळे.

३. त्याच दुकानात काळ्या लोकांना खरेदी करू देत होते म्हणता. मग बसून खाऊ न देण्यात काय तर्क होता?

हा प्रश्न मला परदेशस्थ मराठी मुलांकडून जास्त येतो. गावाकडच्या माणसाला तो पडत नाही. आपल्याकडे रोटीव्यवहार हा शब्द आहे, त्यात सगळं आलं. पैसे घेताना विटाळ नसतो. शेजारी बसून जेवणं म्हणजे बरोबरी मान्य करणं, आणि आक्षेप त्यालाच होता. बऱ्याच ठिकाणी उभ्याने खायला किंवा पुडा बांधून न्यायला हरकत नसे.

शार्लट शहरातला पत्रकार हॅरी गोल्डन याने यावर फार तिरकस लिहिलं होतं. उभा असलेला काळा माणूस गोऱ्यांना दुकानात, बँकेच्या रांगेत चालतो, फक्त बसलेला चालत नाही. मग शाळांतली बाकंच काढून टाका, मुलांना उभ्याने शिकू द्या, प्रश्न मिटला, अशी त्याची 'योजना' होती. गंमत म्हणजे सिट-इन सुरू झाल्यावर काही दुकानदारांनी खरोखरच स्टुलं उखडली.

४. याची सुरुवात ग्रीन्सबरोच्या चार मुलांनी केली, बरोबर?

वणवा तिथून पेटला, पहिली ठिणगी तिथली नव्हे.

१ फेब्रुवारी १९६०, सोमवार. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरात एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मकेन आणि जोसेफ मकनील हे चार पहिल्या वर्षाचे विद्यार्थी दुपारी वूलवर्थमध्ये गेले. आधी टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. मग काउंटरवर बसून कॉफी मागितली. इथे तुम्हाला देत नाही म्हटल्यावर त्यांनी पावत्या पुढे केल्या: पलीकडच्या गल्ल्यावर आमचे पैसे चालले, मग इथे काय झालं? दुकान बंद होईपर्यंत ते बसले. दुसऱ्या दिवशी वीसेक जण आले, तिसऱ्या दिवशी साठाच्या वर, पाचव्या दिवसापर्यंत शेकडो. बेनेट या मुलींच्या कॉलेजातल्या विद्यार्थिनी सुरुवातीपासून त्यात होत्या. चौघांच्या छायाचित्रात त्या नाहीत म्हणून गोष्टीतूनही गळतात.

पण १९३९ सालीच व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात सॅम्युएल टकर या तरुण वकिलाने आखणी करून पाच काळ्या तरुणांना गोऱ्यांच्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचत बसवलं होतं. १९४३ मध्ये शिकागोत, १९५८ मध्ये विचिटा आणि ओक्लाहोमा सिटीत काउंटरवरचे सिट-इन झाले, आणि शेवटचे दोन यशस्वीही झाले. ओक्लाहोमातल्या पोरांचं नेतृत्व क्लॅरा लूपर या शिक्षिकेकडे होतं; त्यातली काही जण शाळकरी होती. ग्रीन्सबरोचं वेगळेपण त्याच्या पसरण्यात आहे. दोन महिन्यांत पन्नासहून जास्त शहरांत मुलं स्टुलांवर बसली होती.

५. या आंदोलनाचा एक नेता नागपूरला राहिला होता हे खरं की व्हॉट्सॲपवरचं?

खरं आहे. जेम्स लॉसन. जन्म १९२८, पेनसिल्व्हेनियातला. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिला म्हणून वर्षभराहून अधिक तुरुंगात काढलं. सुटल्यावर १९५३ साली मेथडिस्ट चर्चतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तिथे विद्यार्थ्यांमध्ये काम केलं, त्यांना खेळ शिकवले आणि गांधीजींच्या पद्धतीचा अभ्यास केला. डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी वाचली ती 'नागपूर टाइम्स'मध्ये. आपल्याच देशात, आपण ज्याची वाट पाहत होतो ते सुरू झालं, हे त्यांना विदर्भात बसून कळलं.

१९५६ मध्ये ते परतले. पुढच्या वर्षी ओहायोतल्या ओबर्लिन इथे त्यांची मार्टिन ल्यूथर किंगशी गाठ पडली. आधी शिक्षण पुरं करून मग दक्षिणेत यायचा लॉसन यांचा विचार होता. किंग यांनी आत्ताच या असा आग्रह धरला. ते टेनेसीतल्या नॅशव्हिलला गेले आणि तिथे जे केलं ते पुढच्या प्रश्नात आहे. जून २०२४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते वारले.

आता थोडं पाणी घालतो, कारण हा धागा आपल्याकडे फार ताणला जातो. 'अमेरिकेला अहिंसा नागपूरने शिकवली' असं काही नाही. लॉसन इथे आले तेच गांधी वाचून आणि तुरुंग भोगून. ते स्वतः त्याही मागची गोष्ट सांगत. लहानपणी एका गोऱ्या पोराने त्यांना शिवी दिली, त्यांनी त्याला थोबाडीत मारली आणि मोठ्या फुशारकीने घरी येऊन सांगितलं. आई स्वयंपाकघरात काम करत होती. पाठ न वळवता तिने विचारलं, त्याने काय भलं झालं? तो प्रश्न आपल्याला आयुष्यभर पुरला, असं ते म्हणत. नागपूरने त्यांना दिली ती पद्धतशीरपणाची ओळख: सत्याग्रह ही भावना कमी आणि आखणी, शिस्त, सराव जास्त.

६. नॅशव्हिलच्या त्या कार्यशाळांत शिकवायचे तरी काय? गप्प बसायला शिकवावं लागतं का?

लागतं. करून बघा. कोणी मानेवर सिगारेट विझवतोय आणि तुम्ही सरळ बसून समोर बघताय.

१९५८ पासून आणि पुढच्या वर्षी जास्त नियमितपणे, चर्चच्या तळघरात संध्याकाळी लॉसन या कार्यशाळा घेत. डायन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेट ही सगळी विशीच्या आसपासची मंडळी. आधी वाचन आणि चर्चा: बायबल, गांधी, थोरो. मग नाटक. खुर्च्यांची रांग लावून काउंटर करायचा, निम्मे आंदोलक, निम्मे गुंड. 'गुंडांनी' शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, केस ओढायचे, खुर्चीवरून खाली पाडायचं. 'आंदोलकांनी' शिकायचं ते असं: पडलो तर अंगाचं मुटकुळं करून डोकं कसं झाकायचं, एकालाच मारहाण होत असेल तर मध्ये शिरून मार वाटून कसा घ्यायचा, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं बघायचं. ज्याला राग आवरत नाही असं सरावात दिसलं त्याला गाडी चालवणं, निरोप नेणं अशी कामं होती. त्यात कमीपणा नव्हता.

नोव्हेंबर-डिसेंबर १९५९ मध्ये या मुलांनी दोन मोठ्या दुकानांत चाचणी घेतली. आत जाऊन बसले, नकार ऐकला, व्यवस्थापकाशी सभ्यपणे बोलले, उठून आले. नकार कोण देतं, कसा देतं, एवढंच बघायचं होतं. म्हणजे ग्रीन्सबरोच्या बातमीआधी इथली तयारी झालेली होती. १३ फेब्रुवारी १९६० ला १२४ विद्यार्थी कोट-टाय, नेटके फ्रॉक अशा रविवारच्या चर्चच्या कपड्यांत शहरात उतरले.

पुढे लुईस आणि लाफायेट यांनी नियमांची एक चिठ्ठी करून वाटली. मारलं तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. गटप्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दाराशी किंवा दुकानातल्या वाटेत अडथळा करू नका. मला यातला न हसण्याचा नियम सगळ्यात शहाणा वाटतो. घाबरलेली विशीतली पोरं शेजारीशेजारी बसली की खिदळणारच, आणि त्या हसण्याचा अर्थ समोरचा वेगळा लावणार.

७. मार खाऊन गप्प राहणं हा भित्रेपणा नाही का?

त्या वेळीही हे विचारलं जात होतं. नॉर्थ कॅरोलायनातल्याच मनरो गावचे रॉबर्ट विल्यम्स सशस्त्र स्वसंरक्षणाची भूमिका उघडपणे मांडत होते, आणि १९६४ मध्ये लुईझियानात कार्यकर्त्यांच्या रक्षणासाठी बंदुका बाळगणारी काळ्या लोकांची संघटनाही उभी राहिली. त्यांना भेकड किंवा माथेफिरू ठरवायची गरज नाही. ज्या गावात रात्री घरावर गोळ्या झाडल्या जात तिथला हिशेब वेगळा होता.

आंदोलकांतही सगळे एका मताचे नव्हते. लुईस यांच्यासाठी अहिंसा हा धर्म होता. अनेकांसाठी ती त्या ठिकाणी चालणारी युक्ती होती. डायन नॅश यांनी तर पुढे मोकळेपणाने सांगितलं की सुरुवातीला हे काही चालायचं नाही असंच त्यांना वाटत होतं. शहरात दुसरं कोणी काही करत नव्हतं म्हणून त्या कार्यशाळेत टिकल्या. आपण भयंकर घाबरलेलो असायचो हेही त्या सांगतात. भित्रेपणाच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

८. पोलीस मारणाऱ्यांना पकडायचे की बसणाऱ्यांना?

बसणाऱ्यांना. २७ फेब्रुवारी १९६० ला नॅशव्हिलमध्ये गोऱ्या टोळक्याने विद्यार्थ्यांना स्टुलांवरून ओढून मारलं. अटक झाली ८१ विद्यार्थ्यांना, आरोप गैरवर्तनाचा. पण एक रांग पोलीस घेऊन गेले की दुसरी येऊन बसे, मग तिसरी. प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला. तो न भरता मुलांनी तुरुंग पत्करला. लॉसन यांना त्यांच्या विद्यापीठाने, व्हँडरबिल्टने, मार्चमध्ये काढून टाकलं. त्यांच्या बाजूने तिथल्या अनेक प्राध्यापकांनी राजीनामे देऊ केले.

९. दंड भरून सुटता येत असताना तुरुंगात राहण्यात काय अर्थ?

दंड भरला की ज्या व्यवस्थेविरुद्ध बसलात तिच्याच तिजोरीत पैसा घालता. शिवाय जामिनाच्या पैशासाठी समाजाकडे पुन्हा पुन्हा हात पसरावे लागतात आणि आंदोलन पैशाअभावी मरतं. उलट तुरुंगातल्या माणसाला खाऊ घालायचा खर्च सरकारचा.

याची सर्वांत ठसठशीत घटना साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिलची. १९६१ च्या सुरुवातीला तिथे काउंटरवर बसलेल्यांपैकी नऊ जणांनी १०० डॉलर दंडाऐवजी ३० दिवसांची सक्तमजुरी निवडली. 'फ्रेंडशिप नाइन' हे त्यांचं नाव त्यांच्या कॉलेजवरून पडलं. त्यांची शिक्षा न्यायालयाने रद्द केली, पण कधी? जानेवारी २०१५ मध्ये.

१०. शेवटी दुकानदार का नमले? मन बदललं की गल्ला रिकामा झाला?

गल्ला आधी. नॅशव्हिलमध्ये सिट-इनच्या जोडीला बहिष्कार होता. ईस्टर म्हणजे तिकडची दिवाळीची खरेदी: नवे कपडे, नवे बूट, टोप्या. त्या वर्षी काळ्या कुटुंबांनी बाजारपेठेत पाऊल टाकलं नाही, आणि गडबडीच्या भीतीने गोरी गिऱ्हाइकंही फिरकेनात.

त्यातच १९ एप्रिलला पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. लूबी पतिपत्नी वाचले. समोरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शंभरावर खिडक्या फुटल्या. त्याच दिवशी हजारो लोक नगरभवनाकडे चालत निघाले, एक घोषणा न देता. नुसता पावलांचा आवाज. पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट भेटले. बोलाचाली तापू लागली तेव्हा डायन नॅश यांनी साधा प्रश्न विचारला: निव्वळ वंश किंवा रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? वेस्ट यांनी हो म्हटलं. मग काउंटर खुले व्हावेत का? तेही त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तीच मोठी बातमी.

काउंटर मात्र तेवढ्याने उघडले नाहीत. वाटाघाटीत ठरलं की सुरुवातीला मोजकी काळी गिऱ्हाइकं आधी कळवलेल्या दिवशी जातील आणि वर्तमानपत्रं गाजावाजा करणार नाहीत. १० मे १९६० ला सहा दुकानांत असं गुपचूप वाढलं गेलं. इतकं गुपचूप की त्याचं प्रसिद्ध छायाचित्र नाही. मार खातानाची पुष्कळ आहेत.

११. आणि ग्रीन्सबरोत?

२५ जुलै १९६०. तोवर त्या एका दुकानाचा तोटा दोन लाख डॉलरच्या घरात गेला होता. काउंटरवर सर्वांत आधी बसून जेवल्या त्या तिथेच राबणाऱ्या काळ्या कर्मचारी बायका.

१२. गोरे विद्यार्थी सामील होते का?

होते, थोडे. त्यांना कधीकधी जास्तच मार बसे, 'आपल्यातले' म्हणून. २८ मे १९६३ ला मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या वूलवर्थमध्ये ॲन मूडी या काळ्या विद्यार्थिनीशेजारी जोन ट्रंपावर ही गोरी विद्यार्थिनी आणि जॉन सॉल्टर हे प्राध्यापक बसले होते. तिघांच्या डोक्यावर साखर, केचप, मोहरीची चटणी ओतलेली आणि मागे हसणारी गर्दी, ते छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल.

१३. यात मार्टिन ल्यूथर किंग कुठे होते?

पुष्कळदा बाजूला, आणि हे आंदोलन समजून घ्यायला ते महत्त्वाचं आहे. सिट-इन त्यांनी सुरू केले नाहीत. एला बेकर या अनुभवी कार्यकर्तीने एप्रिल १९६० मध्ये राली इथे विद्यार्थ्यांना एकत्र बोलावलं आणि मोठ्यांच्या संघटनेची शाखा होऊ नका, स्वतंत्र राहा असं सुचवलं. त्यातून विद्यार्थ्यांची समन्वय समिती, 'स्निक', उभी राहिली. किंग ऑक्टोबरमध्ये अटलांटाच्या मुलांच्या आग्रहावरून काउंटरवर बसले आणि अटक झाले. भारतात ते १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊन गेले, मुंबईलाही; तो प्रवास सिट-इनच्या बरोबर वर्षभर आधीचा.

१४. महाडच्या सत्याग्रहाशी तुलना करता येते का? तो तर तेहेतीस वर्षं आधीचा.

येते आणि करावी, पण 'त्यांनी आपल्याकडून घेतलं' असा निष्कर्ष काढू नये. लॉसन किंवा नॅशव्हिलची मुलं महाडवरून शिकली याचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. डॉ. आंबेडकरांचं लक्ष मात्र अमेरिकेकडे होतं; १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या निग्रो अर्जाची चौकशी केली होती. उलट दिशेचा धागा १९७२ चा: दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून.

साम्य उघड आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी पिणं आणि काउंटरवर कॉफी मागणं, दोन्हींत मागितलेली वस्तू क्षुल्लक आणि तिच्यामागचा दावा प्रचंड. दोन्हीकडे जमावाने मारहाण केली, दोन्हीकडे उलट हात उचलला गेला नाही.

फरक कायद्याच्या बाजूचा. महाडचं तळं सार्वजनिक होतं आणि नगरपालिकेने १९२४ मध्येच ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. कागद अस्पृश्यांच्या बाजूने, गाव विरुद्ध. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आल्यावर बाबासाहेबांनी दुसऱ्यांदा पाणी घेण्याचा बेत थांबवला आणि दावा लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. नॅशव्हिलची मुलं मुद्दाम तुरुंगात गेली, कारण तिथे दुकान खासगी होतं आणि लढवायला कागदच नव्हता (प्रश्न २).

१५. हो, पण दुकान खासगी असेल तर कोणाला वाढायचं हे मालक ठरवणार. यात चूक काय?

सगळ्यांत अवघड प्रश्न हा, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्याला थेट भिडणं टाळलं. १९६३ च्या पीटरसन विरुद्ध ग्रीनव्हिल खटल्यात विद्यार्थ्यांची शिक्षा रद्द झाली, पण कारण असं की त्या शहरात वेगळं बसवण्याचा नगरपालिकेचाच नियम होता, म्हणजे तो मालकाचा खासगी निर्णय उरत नव्हता. नियम नसता तर काय, हे अधांतरीच राहिलं.

उत्तर दिलं काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने. २ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं, खाणावळी, थिएटरं यांत वंशावरून भेद करायला बंदी घातली. आधार घेतला तो आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा. बर्मिंगहॅमच्या एका घरगुती खाणावळीत येणारं मांस दुसऱ्या राज्यातून आलेलं, म्हणून ती केंद्राच्या कायद्याखाली! त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मांसाच्या खेपेवर सुटावा हे विचित्र वाटतं, पण टिकलं तेच.

१६. मग १९६४ नंतर सगळीकडे प्रवेश मिळाला?

नाही. खरोखरचे खासगी क्लब कायद्यातून वगळले होते, तशीच मालक स्वतः राहतो आणि पाच किंवा कमी खोल्या भाड्याने देतो अशी घरंही. आणि पोहण्याचे तलाव ही वेगळीच कथा. जॅक्सन शहराने सर्वांना प्रवेश द्यावा लागेल म्हटल्यावर सार्वजनिक तलावच बंद करून टाकले, गोऱ्यांसकट सगळ्यांसाठी. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं, यात घटनाभंग नाही.

आंदोलकांवर चालू असलेले खटले मात्र डिसेंबर १९६४ च्याच आणखी एका निकालाने निकालात निघाले. ज्यांनी आधीच शिक्षा भोगली होती त्यांचं काय, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

१७. मराठीत लिहिताना निग्रो, कृष्णवर्णीय की काळे?

'निग्रो' फक्त त्या काळातल्या संस्थेच्या किंवा कागदाच्या नावात, जसा वर प्रश्न १४ मध्ये आला. एरवी नको. 'कृष्णवर्णीय' सभ्य आहे, पण वाक्यात ओझं होतं. मी 'काळे' लिहितो, कारण त्या लोकांनीच साठच्या दशकात आपल्यासाठी तोच शब्द अभिमानाने निवडला. काहींना तो खटकतो हे माहीत आहे, पत्रं येतात.

१८. तो काउंटर आज बघायला मिळतो का?

हो. ग्रीन्सबरोत वूलवर्थची तीच इमारत आता नागरी हक्कांचं संग्रहालय आहे; ते १ फेब्रुवारी २०१० ला, बरोबर पन्नास वर्षांनी उघडलं. काउंटरचा एक तुकडा चार स्टुलांसह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. तिथे जाऊन आलेले बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात: स्टुलं वाटली होती त्यापेक्षा फार बुटकी आहेत. आणि हो, त्यांवर बसू देत नाहीत.